कुंपणावरचं शेवटचं करवंद

आमच्याकडे पाणी भरणाऱ्या मावशींनी बालाघाटाच्या डोंगरातून करवंदाची रोपं आणून अंबाजोगाईच्या आमच्या बंगल्याला कुंपण केलं होतं. बारमाही हिरव्या त्या झुडपांवर मावशी सुनांवर खेकसावं तशा खेकसत. वडिलांचे वरिष्ठ सुभेदारसाहेब दौऱ्यावर येणार म्हणून वडिलांनी कचेरीतल्या शिपायाला ते काटेरी कुंपण तोडायला सांगितलं. मावशी शिपायाला म्हणाल्या, “फळ धरलेल्या झाडाला कुऱ्हाड लावत न्हाईत, बाबा. फळं सरू दे.” ती रीत त्यालाही मोडवेना. तो रोज बघून परत जाई. करवंदं सरली, पण एक सुकलेलं लटकतच राहिलं. मी जवळ जाऊन पाहिलं, तर ते दोऱ्यानं बांधलेलं होतं.

“अजून हाय का?” शिपायानं लांबूनच विचारलं.

“मला कुठं दिसतंय आता. बाईसायबांना इचार,” मावशी माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

परक्या पुरुषाशी मी कधी बोलत नसे.

“आहे,” मी म्हणाले.