मोहगावच्या बरडावरची मधमाशी

नागपूरहून सौंसरच्या बसमध्ये बसले तेव्हा मी फार खुशीत होते. गेल्या वर्षी मोहगावजवळच्या एका बरडावर (खडकाळ, पडीक जमिनीवर) दुर्मीळ निळ्या फुलझाडाच्या शोधात फिरताना त्या फुलांवर तांदळाएवढी, हिरवट काळी मधमाशी दिसली होती. फोटो पाहून पुण्यातली माझी कीटकतज्ज्ञ मैत्रीण म्हणाली होती, "ही जात कुणी नोंदवलेली दिसत नाही. पण खात्रीसाठी एक तरी माशी हातात हवी."

सौंसरहून ऑटोने मोहगाव गाठलं. दुतर्फा संत्र्याच्या बागा, मधूनच पऱ्हाटी (कपाशी). बरडाचे मालक वसंतराव बांधावरच भेटले. त्यांच्या मागे बरड नव्हतंच. जेसीबीने खरवडून सपाट केलेल्या जमिनीत संत्र्याची कलमं उभी होती.

"मुरूम गेला रस्त्याले," ते म्हणाले. "आता बाग लावून राहिलो."

"त्या फुलांसाठी एक कोपरा ठेवतो म्हणाला होतात."

"म्हनलो होतो. पन मॅडम, तुमी सालातून एकदा येता. आमाले इतंच राहा लागते."

ही माशी पोळं करत नाही, जमिनीत बीळ करून अंडी घालते. मुरमाबरोबर पुढची पिढीही ट्रकमधून गेली होती.

घरी त्यांच्या पत्नी सुनंदाताईंनी पाटोडीची भाजी (बेसनवड्यांचा झणझणीत रस्सा) वाढली. वाढता वाढता त्याच म्हणाल्या, "विहिरीमांगं निळ्या फुलाचे थोडे झाडं हायेत. चाला."

विहिरीमागे खरंच मूठभर झाडं फुलली होती. बराच वेळ थांबल्यावर ती माशी आली. एकटीच. मी जाळी उचलली, पण हात पुढे जाईना.

"पकडा ना. तेच्यासाठीच तं आल्या," सुनंदाताई म्हणाल्या.

पकडली. औषध घातलेल्या बाटलीत ती थोडी फडफडली, मग निपचित पडली.

"मेली का?"

मी होकारार्थी मान हलवली. ताई घराकडे वळल्या.

पुण्यात मैत्रिणीने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि ती ओरडलीच, "नवीन आहे!" अभिनंदनाचे फोन आले. मग मीही डोळा लावला. माशीच्या मागच्या पायांवर पिवळे परागकण गच्च चिकटले होते. मादी हा साठा पिलांसाठी बिळात नेते. म्हणजे तिथे कुठेतरी एक बीळ उरलं होतं, आणि ते भरणारीलाच मी उचलून आणलं. वसंतरावांनी बरडाच्या जागी निदान संत्री तरी लावली होती.