ताक फुंकून पिणारी

मंठाळच्या शिवारात वाघरीच्या जाळीआड बावीस मेंढरं उभी होती आणि जाळीबाहेर ती न्यायला आलेला खाटकाचा टेम्पो. मधे राजूबाई, पदर कमरेला खोचून.

"ही इकायची न्हाईत."

जगदेवप्पा तिचा थोरला दीर. तिचा नवरा गेल्यापासून घरात शब्द त्याचाच. "मागच्या साली एकोणीस मेली तुझ्या हातानं. इसरलीस?"

कशी विसरेल? कापलेल्या ज्वारीच्या रानात उरलेल्या धसांना, बुडख्यांना, कोवळे कोंब फुटले होते. पाण्याविना सुकणाऱ्या अशा कोंबांत विष धरतं, हे धनगराच्या पोराटोरालाही ठाऊक. पण दिवसभर चालून मेंढरं भुकेजली होती. खाऊ देत दोन घास, म्हणाली. तोंडाला फेस येऊन एकोणीस आडवी झाली, तिच्या पायाशी.

जगदेवप्पाचा पोरगा रविकुमार हायस्कुलात इंग्रजी शिकवतो. तो वर्गातल्यासारखा बोलला, "काकू, इंग्रजीत म्हण हाय. वन्स बिटन, ट्वाइस शाय."

"म्हंजी?"

"एकदा चावा बसला की मानूस पुढच्या बारीला दुप्पट बुजतो. आपल्यात न्हाई का, दुधानं तोंड पोळलं की ताक बी फुंकून पितात."

"पितात ना? का तांब्या पालथा करत्यात?"

टेम्पोवाला फिस्सकन हसला.

"बुजले की मी! आता कुठल्या बी रानात शिरायच्या आधी वाकून धसं बघते. आधी कडबा चारते, मगच मेंढरं हलवते. भावजी, तुमी बघता का धसं?"

"मी कामून बघू?"

"मग? एकोणीस घालवून शिकलेलं कुनाला देऊ? खाटकाला?"

"लई बोलायलीस!" जगदेवप्पानं टेम्पोचा फाळका पाडायला लावला, जाळीत शिरला आणि पुढची मेंढी मानेला धरून ओढू लागला.

पलीकडच्या अंगानं राजूबाईनं जाळी उचलली, पाठ फिरवली आणि चालता चालता घशातून लांब साद घातली, "हुर्रर्र... या गं, या!"

मेंढरं मालक ओळखत नाहीत, आवाज ओळखतात. सगळी एका लोंढ्यानं जाळीखालून निघाली. जगदेवप्पाच्या हातातलीही हिसका देऊन सुटली. मुठीत राहिली चिमूटभर लोकर.

"रव्या, आडव त्यास्नी!"

रविकुमार दोन पावलं पळाला, थांबला. धुरळ्यात काकू दिसेना, पण आवाज खणखणीत आला.

"भावजी, टेम्पोवाल्याला च्या पाजून धाडा. लांबून आलाय बिचारा!"