उतारावरचा दुसरा गिअर

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझी पोस्टिंग उत्तरेकडच्या डोंगरात होती. हुद्दा हवालदार, काम एम.टी.चं, म्हणजे पलटणीच्या गाड्यांचं. मी शिरूरकडच्या कवठे येमाईचा, सपाट मुलखातला. मोठा घाट कसा असतो ते त्या डोंगरातच पाहिलं. सुरुवातीला तर जेवायला बसलो तरी माझा उजवा पाय ब्रेक शोधत असायचा.

आमची ड्यूटी पाण्याची. झऱ्यावर टाकी भरायची. टाकी ट्रेलरवर, ट्रेलर पिकअपला जोडलेला. खिंड चढायची आणि पलीकडं चौकीपर्यंत उतरायची. चढाला गाडी रडते, पण मारत नाही. मारतो तो उतार, कारण भरलेला ट्रेलर मागून ढकलत राहतो. आमचे वाडवडील मेंढरं राखायचे. उताराला कळप मागून रेटतो आणि पुढच्या मेंढराला आवरावं लागतं, हे मला घरीच कळलेलं. गाडीत ते आवरायचं काम इंजिनचं. म्हणून माझा नियम एकच. ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा, इंजिन ओरडलं तर ओरडू द्या. ब्रेक वळणापुरता, तोही दाबून लगेच सोडायचा.

माझ्या हाताखाली लान्स नायक सुभाष होता, दौंडचा. स्टिअरिंगवर हात साफ. खोड एक, ती आपल्याच भागातली. शिरूर-दौंडकडं कांद्याची पिकअप असो नाहीतर उसाची गाडी, उतार दिसला की ड्रायव्हर न्यूट्रल मारतो. तेवढंच डिझेल वाचलं. सपाट मुलखात ते खपून जातं. सुभाषला मी त्यावरून पुष्कळ शिव्या घातल्या होत्या. तो हसायचा.

त्या दुपारी तो चालवत होता, मी शेजारी. खिंडीत थांबून मी वायरलेसवर खालच्या चौकीकडं रस्त्याची चौकशी केली.

"तीसरे मोड के नीचे रोड पार्टी काम पर है. धीरे आना. ओवर."

"धीरे आएंगे. ओवर."

उतार लागला. दुसऱ्या गिअरात इंजिन ओरडायला लागलं.

"उस्ताद, इंजिन फुटंल."

"फुटू दे. दुसऱ्यातच ऱ्हाऊ दे."

पहिलं वळण नीट गेलं. पुढं रस्ता जरा सरळ होता आणि तिथं त्याचा हात सवयीनं गिअरच्या दांड्यावर गेला. न्यूट्रल. इंजिनचा आवाज एकदम बसला. शांततेची इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही.

ट्रेलरनं गाडी पुढं रेटली. सुभाषनं ब्रेक दाबला आणि दाबूनच धरला. जळका वास आला, मग पेडल मऊ पडलं, ब्रेक गेला. दुसरं वळण आम्ही कसं घेतलं ते मला आजही सांगता येणार नाही. तो गिअर टाकायला गेला, तर नुसती करकर. आत जाईना.

"रेस दे," मी म्हणालो.

"उताराला रेस?"

"क्लच सोड, रेस दे. मंग क्लच दाबून दुसरा टाक."

पळत्या गाडीला आणखी ॲक्सिलरेटर द्यायचा, हे कुणाच्या मनाला पटेल? पण चाकं जोरात फिरत असली की इंजिनही तेवढंच फिरवावं लागतं, तरच खालचा गिअर बसतो. सुभाषनं एकदा माझ्याकडं पाहिलं. त्यानं पाय दाबला. इंजिन किंचाळलं, गिअर बसला, आम्ही दोघं पुढं फेकले गेलो. वेग उतरला, पण पुरेसा नाही.

तिसऱ्या वळणाखाली रस्ता दुरुस्त करणारी रोड पार्टीची माणसं दिसली. फावडी हातात, आमच्याकडं पाठ. हॉर्न वाजवून उपयोग नव्हता, त्यांना सरकायला जागाच नव्हती. डावीकडं दरी, उजवीकडं कडा.

"उस्ताद, घट्ट धरा," सुभाष म्हणाला आणि त्यानं गाडी कड्याला घातली. कडा त्याच्या बाजूला होता.

शुद्धीवर आलो तेव्हा रोड पार्टीची माणसं मला बाहेर ओढत होती. सुभाषला काढायला वेळ लागला. तो गेला होता.

बरा होऊन रजेवर निघालो, तो दौंडला उतरून आधी त्याच्या घरी गेलो. त्याचे वडील, आप्पा, ओट्यावर बसले होते. जन्मभर उसाची गाडी चालवलेला माणूस. चहा झाला. मग आत बायकांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं त्यांनी विचारलं.

"हवालदारसाहेब, त्यानं गाडी न्यूट्रल केली व्हती का? ती सवय माझी. म्याच लावली त्याला."

उतारावर वाटली त्याहून जास्त भीती मला त्या ओट्यावर वाटली. म्हातारा माझ्या तोंडाकडं बघत होता.

"गाडी गिअरात व्हती, आप्पा. गाडी फोडून त्याला भाईर काढला तवाबी दांडा दुसऱ्यातच व्हता. म्या सोता पाह्यला."

"दुसऱ्यात?"

"व्हय."

त्यांनी डोळे मिटले. "मंग पोरानं केलं सगळं बराबर," ते म्हणाले.

यातला एकही शब्द खोटा नव्हता. मग मी त्यांना ती वळणाखालची माणसं सांगितली, दरी सांगितली, कडा कुणाच्या बाजूला होता तेही सांगितलं. त्या माणसांची नावं मला ठाऊक नाहीत. त्या संध्याकाळी ती सगळी जेवायला बसली, ती लान्स नायक सुभाषमुळं.