मॅकरोनी ही भाजी

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या आमच्या बर्मिंगहॅममधला पोलादाचा कारखाना बंद पडला तेव्हा गावावरचं आकाश मुळात निळं आहे हे आम्हाला कळलं, आणि कुणालाही त्याचा आनंद झाला नाही. धूर होता तोवर पगार होता. मग इस्पितळ वाढत गेलं. इतकं वाढलं की आता गावात दोनच जातीची माणसं उरली आहेत: तिथे कामाला असलेली आणि तिथे दाखल झालेली. मी बावीस वर्षं भट्टीवर होतो, आता पेशंटची ढकलगाडी ढकलतो. लोखंड निदान ‘कुठे नेतोस रे?’ म्हणून विचारत नसे.

या उलथापालथीत मिस व्हर्डेल टॉलिव्हर तेवढी जागची हलली नव्हती. तिची खानावळ सहा टेबलांची. ताटाचा नियम तिच्या आईपासून चालत आलेला: एक मांस, तीन भाज्या, मक्याचा पाव. भाज्या फळ्यावर लिहिलेल्या असत. कोलार्डचा पाला, भेंडी, चवळी आणि चीज घालून भाजलेली मॅकरोनी. मॅकरोनी भाज्यांत कशी, असं गावात कुणी कधी विचारलं नव्हतं. रविवारी सुट्टी का, असं तरी कोण विचारतं?

गिऱ्हाईक बदललं तेही तिनं मनावर घेतलं नाही. “आधी काळे हात घेऊन यायचे, आता पांढरे कोट घालून येतात. हादडतात सारखंच,” ती म्हणे. हृदयाचे डॉक्टर तर मॅकरोनी दोनदा मागून घेत, फक्त खिडकीकडे पाठ करून.

मग इस्पितळाला आमचा अख्खा चौकच हवासा झाला. खानावळीची जागा भाड्याची, ती पडणारच; बदल्यात नव्या इमारतीच्या तळमजल्यावर तिला जागा मिळणार. अट एकच, पदार्थांची यादी आहारतज्ज्ञ ठरवणार. ही आहारतज्ज्ञ मिस लिंडक्विस्ट, मिनेसोटाहून आलेली, तिशीच्या आतली आणि भयंकर सभ्य. तिनं मॅकरोनी भाज्यांतून उचलून ‘पिष्टमय पदार्थ’ या रकान्यात नेऊन टाकली.

सहीच्या दिवशी ती आणि इस्पितळाचा वकील हेगूड दुपारी खानावळीत आले. मी कोपऱ्यात जेवत होतो, म्हणजे ऐकत होतो.

“पिष्टमय म्हणजे काय गं पोरी?” व्हर्डेलनं विचारलं.

“ज्यानं वजन वाढतं ते.”

“मग त्या रकान्यात मला घाल. मॅकरोनी आहे तिथे राहू दे.”

“मिस टॉलिव्हर, मॅकरोनी काही शेतात उगवत नाही.”

“तुमच्या इस्पितळातली ती लाल जेली कुठल्या मळ्यातून येते?”

लिंडक्विस्टबाई म्हणाल्या, तो मुद्दा वेगळा आहे. व्हर्डेलनं कागद बाजूला सारले. “यादी तुमची, तर खानावळही तुम्हीच चालवा. मी सही करत नाही.”

सही नाही म्हणजे महिनाअखेरीला बुलडोझर, व्हर्डेल घरी आणि आम्ही सगळे इस्पितळाच्या कॅन्टीनमध्ये, उकडलेल्या गाजरासमोर.

हेगूडनं घाम पुसला. “आधी दोन घास खाऊन घेऊ या का, मिस व्हर्डेल? सकाळपासून पोटात काही नाही.”

“बोल बाळा, काय वाढू?”

“तळलेली कोंबडी,” फळ्याकडे न बघताच तो म्हणाला, “आणि भाज्यांत पाला, चवळी, मॅकरोनी.”

लिंडक्विस्टबाईंनी पेन खाली ठेवलं.

“काय म्हणालात?”

“कोंबडी.”

“त्याच्या पुढे.”

हेगूड आमच्याच गावचा, त्याचा बाप भट्टीवर माझ्याच पाळीला असायचा. तो कानापर्यंत लाल झाला. “आमच्या घरी भाजीच म्हणतात तिला,” तो पुटपुटला.

“चांगल्या वळणाचं घर आहे,” व्हर्डेल म्हणाली.

शेवटी त्यानंच करार ओढून घेतला आणि समासात लिहिलं: ‘या करारात भाजी म्हणजे मिस टॉलिव्हर ज्याला भाजी म्हणतील तो पदार्थ.’ लिंडक्विस्टबाईंनी ते दोनदा वाचलं. मीठ तरी कमी घाला, म्हणाल्या. मिठाचं बघू, म्हणत व्हर्डेलनं सही ठोकली आणि त्यांच्यापुढे ताट मांडलं.

“आता तू बोल. मांस कुठलं?”

बाईंनी फळा वरपासून खालपर्यंत वाचला.

“मांस नको,” त्या म्हणाल्या. “चारही भाज्या वाढा.”