राखणदाराचा नारळ

तारकर्लीला आमचे नारळ पाडायला येणारा पाडेली कॅथलिक. छातीवर क्रूस काढल्याशिवाय तो माडाला हात लावायचा नाही. एकदा शेजारच्या तरुण प्रोटेस्टंट प्रचारकाने त्याला अडवलं. "मेरीमातेपुढे मेणबत्त्या लावा असं बायबलात कुठंय? हे सगळं मागाहून वाढवलेलं."

पाडेली कंबरेला कोयता खोचत म्हणाला, "नारळ पुरलंस तेव्हा त्याका झावळां होती काय रे? म्हणान माड खोटो?"

उतरल्यावर पहिला नारळ मात्र त्याने गुपचूप कुंपणातल्या राखणदाराच्या, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाच्या, दगडापुढे ठेवला.

मी हसून विचारलं, "ह्या तुमच्या फादरांका चालता?"

"नाय. पाखंड म्हणतत."

"मगे?"

"चर्चचे नारळ पाडूक चढलंय काय फादरच खालसून आरडतत, त्याचो पयलो बाजूक ठेवलंस मां?"