कापडाची पट्टी

आप्पामामा कुणाच्याही घरी गेले, की यजमानांच्या आधी भिंतीची विचारपूस करीत. बोटांच्या पेरांनी भिंत ठोकायची, कान लावायचा आणि मगच विचारायचं, "काय, बरं आहे ना?" माझ्या लग्नाच्या बोलणीला गेलो तेव्हा ओटीवरचा खांब त्यांनी असा ठोकला, की माझे होणारे सासरे चहाचा कप हातात घेऊन उभेच राहिले. "खांबाला वाळवी आहे," मामा म्हणाले, "पण मुलगी चांगली आहे. करून टाका."

लढाईच्या दिवसांत बॉम्बच्या धास्तीने मुंबईची बिऱ्हाडं आमच्याकडे आली आणि आगाशी-नंदाखालच्या बाजूला गोठ्यालासुद्धा भाडेकरू मिळू लागला. तेव्हापासून मामांनी जुनी घरं घ्यायची, दुरुस्त करायची आणि भाड्याने द्यायची, हा धंदा धरला. दुसरे लोक रंग फासून मोकळे होत. मामांचं तसं नव्हतं. "आधी पाय, मग पागोटं," ते म्हणत. जोत्याचे दगड मनासारखे बसेपर्यंत कौलाला कुणी हात लावायचा नाही.

भिंतीला तडा दिसला, की त्यावर ते खळीने कागदाची पट्टी चिकटवत. पट्टी शाबूत राहिली तर तडा जुना, बुजवून टाका. फाटली तर भिंत अजून हलते आहे, पाया उकरा. "हलत्या भिंतीला गिलावा म्हणजे तापल्या अंगाला पावडर," असं सांगून त्यांनी कितीतरी गवंड्यांना परत पाठवलं होतं.

या धंद्यात हाल झाले ते मामींचे. दुरुस्ती चालू असेल त्या घरात यांचं बिऱ्हाड. घर राहण्याजोगं झालं, की भाडेकरू आत आणि या दोघांची भांडीकुंडी पुढच्या पडक्या घरात. मामी आचोळ्याच्या, जिभेच्या फटकळ. "चूल मी घालायची आणि भाकरी दुसरीने भाजायची," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. मामा वर न बघता जेवत राहात. ते मनाला लावून घेत होते, हे आम्हाला कुणाला कळलं नाही.

पुढे त्यांनी नंदाखालला एक घर घेतलं आणि जाहीर केलं, "हे भाड्याचं नाही. हे हिचं." घर छान होतं, पण मागची जागा अपुरी. तिथे बावखल होतं, वाडीला पाणी पुरवणारं आमच्याकडचं गोडं तळं. मामांनी ते डबर टाकून बुजवलं आणि त्यावर मामींसाठी ऐसपैस स्वयंपाकघर काढलं. भरावाला दोन पावसाळे पाजल्याशिवाय वर वीट ठेवू नये, हा त्यांचाच नियम. या भरावाने एकही पावसाळा पाहिला नव्हता. मी आठवण दिली तर म्हणाले, "तुझ्या मामीला सांग थांबायला. मी नाही सांगणार बाबा."

अर्नाळ्याहून मासे घेऊन येणारी कोळीण त्या बावखलात पाय धुऊन पुढे जायची. तिने नवी भिंत पाहिली आणि पाटी खाली ठेवून विचारलं, "आप्पा, पानी बुजवलंस, पन ते गेलं कुठं?"

"गेलं तुझ्या दर्यात," मामा म्हणाले. सगळे हसले.

पावसाळा नीट पार पडला. दिवाळीनंतर स्वयंपाकघराचं दार चौकटीत अडायला लागलं. सुताराने ते तासलं, पंधरवड्याने पुन्हा अडलं. मग तांदळाच्या डब्यावर रोज सकाळी चुन्याची पूड दिसू लागली. मामी ती पुसत आणि उंदरांना शिव्या देत. एकदा जेवताना भिंतीत सुपारी फुटावी तसा आवाज झाला. मी मामांकडे पाहिलं. त्यांनी कढी वाढायला सांगितली.

चुलीमागे तडा गेला होता आणि त्यावर पट्टी होती. मी जवळ जाऊन पाहिली. कागद नव्हता, मांजरपाट होतं. मांजरपाट असं थोडंच फाटतं? "मामा, हे कापड?" मी विचारलं. "कागद इथल्या दमट हवेत टिकत नाही," ते म्हणाले आणि पाठ फिरवून बाहेर गेले. उभ्या आयुष्यात त्या माणसाने भिंतीबद्दल केलेली खोटी बात मी तेवढी एकच ऐकली. मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली.

संक्रांत झाल्यावर एका स्वच्छ उन्हाच्या सकाळी ते मामींना म्हणाले, "आचोळ्याला भावाकडे जाऊन ये." डाळ चुलीवर होती. मामी म्हणाल्या, उद्या जाईन. तेव्हा मामा ओरडले, "आत्ता जा म्हणतो ना!" संसारात पहिल्यांदा ओरडले. मामी फणकाऱ्याने निघाल्या, 'येते' असंही म्हणाल्या नाहीत. मामांनी कुणाला हाक मारली नाही. एकट्यानेच भिंतीला पोफळीच्या खोडांचे टेकू लावायला घेतले.

मी शाळेत शिकवत असताना निरोप आला तेव्हा भिंत पडून गेली होती. माणसांनी विटा बाजूला करून त्यांना काढलं. शेवटचं खोड त्यांच्या हातातच होतं.

मामांचं दिवसकार्य झाल्यावर मामी मला ओटीवर घेऊन बसल्या. म्हणाल्या, "इथून निघू या, एवढंच बोलले असते तर चूल डोक्यावर घेऊन निघाले असते रे मी. घराचं मी नुसतं कुरकुरायची. बायका कुरकुरतातच. एवढं मनावर घ्यायचं?"