पुलगावचं एक कोर्ट आणि दोन खेळ

कोर्टावर खेळतात चार जण आणि बाकावर बसतात दहा. बसलेल्यांना काम नसतं, तोंड मात्र असतं. त्यामुळे पुलगावच्या आमच्या एकुलत्या एक टेनिस कोर्टावर पॉइंट कमी आणि किस्से जास्त साचतात. मागच्या हिवाळ्यात तर ते ठेवायला जागा उरली नाही, कारण मी नागपूरहून पिकलबॉलच्या चार बॅट घेऊन आले. टेबल टेनिसच्या बॅटची मोठी बहीण शोभावी अशी बॅट आणि भोकं पाडलेला प्लास्टिकचा चेंडू, एवढंच सामान.

*

कोर्टाची किल्ली काळमेघ काकांकडे. निवृत्त मुख्याध्यापक. संध्याकाळी पाच ते सात तेच चौघे वीस वर्षांपासून टेनिस खेळत होते आणि बाकी गाव बघत होतं. मला ते बघवत नव्हतं. पहिल्याच दिवशी मी काकांना हिशेब ऐकवला: एका टेनिस कोर्टात पिकलबॉलची चार कोर्टं बसतात, म्हणजे चौघांच्या जागी सोळा जण खेळतील.

"गणित बरोबर आहे पोरी," काका म्हणाले. "पण सोळा जण आणशील कुठून? बाकावर तर दहाच आहेत."

शेवटी एक महिन्याची परवानगी मिळाली. आठवड्यातून तीन दिवस आमचे. टेनिसच्या पांढऱ्या रेषांच्या आत, चुन्याच्या फक्कीत नीळ कालवून एकच कोर्ट आखायचं, जाळी टेनिसचीच वापरायची. महिना संपला की ठरणार होतं: निळ्या रेषांना पक्का रंग मारायचा, की झाडून टाकायच्या.

*

पहिल्या आठवड्यात बँकेतल्या मेश्राम मॅडम आल्या. वय पंचेचाळीस, शाळेनंतर हातात काही धरलं असेल तर ते पेन. तरी आधी त्यांनी काकांकडे रीतसर चौकशी केली.

"सर, टेनिस शिकायले किती दिवस लागतीन?"

"दोन वर्षं तर चेंडू कोर्टाच्या आत पाडायलेच लागतात."

"मग राहू द्या सर. दोन वर्षांनी माझी बदली आहे."

पिकलबॉलमध्ये त्या अर्ध्या तासात रॅली करायला लागल्या. पाऊण तासात माझ्याशी भांडायलाही.

*

गजूभाऊ वानखेडे हे काकांचे डबल्सचे पार्टनर. त्यांचं कृषी केंद्र आहे आणि दोन्ही गुडघे कामातून गेलेले आहेत. टेनिसमध्ये त्यांचा मुख्य फटका म्हणजे "तुझा!" असं ओरडणे. त्यानंतर काका धावायचे.

एका गुरुवारी गजूभाऊ आमच्या वेळेला हजर. "मी फक्त पाहायले आलो," त्यांनी आल्याआल्या जाहीर केलं. पायात नवे बूट, दोन्ही गुडघ्यांना नी-कॅप.

बाकावरून काकांचा आवाज आला, "काऊन गजू, पाहायले नी-कॅप लागते का?"

"पाहायले उभं तर राहा लागते ना."

त्या दिवशी ते पाच गेम उभे राहून पाहत होते, हातात बॅट घेऊन.

*

आता टेनिसच्या बाजूनेही सांगितलं पाहिजे, नाहीतर काका म्हणतील की पोरगी एकतर्फी लिहून राह्यली.

मी एकदा बोलून गेले की टेनिसमध्ये एवढं काय आहे. काकांनी रॅकेट माझ्या हातात दिली. पहिला चेंडू भिंतीपलीकडे तुरीच्या वावरात. दुसराही तिथेच. तिसरा जपून मारला, तो जाळीत.

"उद्या येजो," काका म्हणाले.

नऊ दिवस गेले. मला नऊ मिनिटं थांबवत नाही, तरी गेले. नवव्या दिवशी एक फोरहँड असा लागला की हाताला काही जाणवलंच नाही. चेंडू जाळीवरून लांब गेला आणि पलीकडच्या कोपऱ्यात, अगदी आत पडला. पिकलबॉलमध्ये मी शेकडो फटके मारलेत, हे सुख एकदाही मिळालेलं नाही. मी तशीच उभी राहिले.

काका चेंडू आणायला गेले. जाता जाता म्हणाले, "आता सांग तुझं सोळा जणांचं गणित."

*

सुमनकाकू म्हणजे काकांच्या मिसेस. घर कोर्टापासून दोन गल्ल्यांवर, पण लग्नाला एकतीस वर्षं झाली तरी त्या कोर्टावर कधी आल्या नव्हत्या. त्यांना मेश्राम मॅडम घेऊन आल्या. साडी खोचलेली, पायात मुलीचे जुने बूट. काकू चेंडू असा हळूच जाळीपलीकडे टाकत की समोरचा पळत येईपर्यंत तो दुसऱ्यांदा उडालेला असे.

"अगं, जोरात मार," काका बाकावरून म्हणाले.

"तुम्ही वीस वर्षं जोरात मारून राह्यले. काय मिळालं?"

आमच्या पुढच्या दिवशी काकांनी घरी चहा मागितला. काकू बूट घालत होत्या. "थर्मासमध्ये आहे. माझी मॅच आहे."

पुढे त्यांनी एकही दिवस चुकवला नाही. महिना संपत आला तेव्हा मला एकदा बाजूला घेऊन विचारलं, "रेषा पुसल्या तर मंग मी कुठं जाऊ गं?"



*

शेवटच्या शनिवारी काकांनी पैज लावली. "तुमच्याच खेळात हरवतो तुम्हाले. मी आणि गजू जिंकलो तर झाडू मारायचा. तुम्ही जिंकल्या तर रंग मी आणतो." आमच्याकडून मी आणि काकू.

आमच्याकडे अंपायर नसतो. चेंडू ज्यांच्या बाजूला पडला त्यांनीच आत की बाहेर ते सांगायचं, आणि त्यांचा शब्द शेवटचा.

अकराचा गेम. काका दहा, आम्ही आठ. सर्व्हिस काकांची. एक पॉइंट मिळाला की ते जिंकले, रॅली हरले की सर्व्हिस आमच्याकडे. रॅली लांबली आणि मी घाईत, माझ्या स्वभावाप्रमाणे, जोरात मारलं. चेंडू काकांच्या मागे पडला, निळ्या रेषेच्या चांगला वीतभर बाहेर. बाकावरच्या दहाही जणांनी पाहिला. मी हात मिळवायला जाळीकडे निघाले.

काका वाकून त्या जागेकडे बघत होते. मग त्यांनी जाळीपलीकडे पाहिलं. काकू बॅट छातीशी धरून उभ्या होत्या.

"इन," काका म्हणाले.

"अबे, कुठून इन?" गजूभाऊ म्हणाले. "रेषेच्या बाहेर आहे ना."

"पांढरी रेषा तर अजून लय मागं आहे. मी टेनिसवाला माणूस. मले पांढरीच समजते."

"मंग मघाशी या पोरीचे तीन चेंडू निळ्या रेषेवरून आउट कसे देले तू?"

काकांनी चेंडू उचलला, शर्टाला पुसला आणि जाळीवरून काकूंकडे टाकला.

"सर्व्हिस तुझी आहे. कर लवकर, अंधार पडून राह्यला."